टोकन द्यायच्या आधी एक पावसाळा बघा: ठाणे-नवी मुंबईत घरासाठी एरिया कसा निवडायचा

आमचं घर शोधणं दीड वर्षाच्या वर चाललं. कळव्याला भाड्याने राहत होतो, नवऱ्याचं ऑफिस दादरला, माझं ऐरोलीला, मुलगा दुसरीत, आणि सोबत सासूबाई, ज्यांचे दोन्ही गुडघे जिना बघितला की बोलायला लागतात. फेब्रुवारीत घोडबंदर रोडला पार पुढे एक टॉवर बघितला. सॅम्पल फ्लॅट बघून सगळेच भाळलो, बाल्कनीतून डोंगर, खाली स्विमिंग पूल, सेल्सच्या मुलाने आणलेली कॉफी, आणि "आज बुक केलं तर फ्लोअर राईज (वरच्या मजल्याचा जादा दर) माफ" हे ऐकून तिथल्या तिथे टोकन, म्हणजे बुकिंगचा ॲडव्हान्स, म्हणून ५१ हजारांचा चेक फाडून आलो.

जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला त्या शनिवारी सहज म्हणून परत गेलो. सर्व्हिस रोडला पोटरीभर पाणी, मेन रोडला कंटेनर एकामागे एक उभे, रिक्षावाला म्हणाला इथून पुढे चालत जा. सासूबाई रिक्षातून उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "मला रात्री काही झालं तर अँब्युलन्स कुठून आणणार ते आधी सांग, मग पूल दाखव." बुकिंग कॅन्सल केलं आणि ते ५१ हजार परत मिळायला सात महिने लागले, रोज फोन करून.

तर त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने लिहितेय. फ्लॅट कसा बघायचा यावर खूप जण बोलतात, टाईल्स आणि प्लंबिंग वगैरे, पण एरिया कसा निवडायचा यावर फारसं कोणी बोलत नाही, आणि टाईल्स बदलता येतात, एरिया नाही बदलता येत.

१. आधी घरातल्या प्रत्येकाचा दिवस लिहून काढा

एक कागद घ्या, घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि त्याखाली साध्या वर्किंग डेला तो किती वेळा घराबाहेर पडतो, कुठे जातो, कशाने जातो ते लिहा. आम्ही हे केलं तेव्हा जरा धक्काच बसला. नवरा दिवसातून एकदा जातो आणि एकदा येतो. पण शाळेची बस, भाजी, दूध, क्लास, फिजिओथेरपी, केमिस्ट, संध्याकाळी देवळापर्यंत चक्कर हे सगळं मिळून सासूबाई आणि मुलगा दिवसाला सहा-सात फेऱ्या मारतात, आणि आम्ही आत्तापर्यंत एरिया शोधत होतो तो फक्त नवऱ्याच्या लोकलवरून.

म्हणून दोन वर्तुळं काढा. एक ऑफिसचं, त्यात ट्रेन-बस चालेल. दुसरं चालत दहा मिनिटांचं, त्यात भाजीवाला, दवाखाना, केमिस्ट, बाग आणि शक्यतो शाळा पाहिजे. दुसरं वर्तुळ रिकामं असेल तर तो एरिया रिटायर्ड माणसाला आणि लहान मुलाला जेलसारखा होतो, कितीही झाडं असोत.

अजून एक, नोकरी बदलते. वीस वर्षांचं लोन काढणार आणि ऑफिस तीन-चार वर्षांनी बदलणार, तर एकाच ऑफिसच्या जवळ म्हणून घर घेऊ नका, जिथून दोन दिशांना जाता येतं तिथे घ्या. ठाण्याला सेंट्रल लाईन आहे आणि ट्रान्सहार्बर (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल) आहे. वाशी, नेरुळ, बेलापूरला हार्बर (सीएसएमटी ते पनवेल) आणि ट्रान्सहार्बर दोन्ही. ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याला फक्त ट्रान्सहार्बर, पण ती दोन्ही टोकांना दुसऱ्या लाईनला जोडते, म्हणजे एक गाडी बदलायची तयारी असेल तर सगळीकडे जाता येतं. हार्बरला फास्ट लोकल नाही हे विसरू नका, पनवेलहून सीएसएमटी म्हणजे सव्वा तासाच्या वर, बूड टेकलं तर टेकलं.

२. लिफ्टपासून प्लॅटफॉर्मपर्यंत घड्याळ लावा

ब्रोशरमधे लिहिलेलं असतं "स्टेशन १५ मिनिटांवर". कुठल्या दिवशी, किती वाजता, ते लिहिलेलं नसतं.

आम्ही मंगळवारी सकाळी साडेआठला, ज्या बिल्डिंगमधे आधीच लोक राहायला आलेत अशा, घोडबंदरच्या त्या टॉवरशेजारच्या टॉवरच्या वरच्या मजल्यावरून मोबाईलचं स्टॉपवॉच लावून निघालो (तिथे नवऱ्याच्या मित्राचा भाऊ राहतो, चहाच्या निमित्ताने गेलो). लिफ्ट यायला आणि प्रत्येक मजल्यावर थांबत खाली यायला सहा मिनिटं, गेटपर्यंत तीन, शेअर रिक्षाची लाईन अकरा, कापूरबावडी जंक्शनपर्यंत रांगत रांगत आणि पुढे स्टेशनपर्यंत अडतीस, पूल चढून प्लॅटफॉर्मवर पाच. एक तास आणि तीन मिनिटं, आणि अजून गाडीत चढलो पण नव्हतो. त्याच आठवड्यात ऐरोलीत एका जुन्या चार मजली बिल्डिंगपासून हेच केलं, चालत, पूल धरून सोळा मिनिटं. ठाण्यापर्यंत गाडीचे दहा-बारा मिनिटं पकडली तरी आपण ठाण्यात राहणाऱ्या माणसाच्या आधी ठाणे स्टेशनला पोचतो! हे गणित मला आधी कोणी सांगितलं असतं तर फेब्रुवारीतला तो चेक वाचला असता.

उंच टॉवर असेल तर एका लिफ्टमागे किती फ्लॅट येतात ते मोजा, आणि परतीचा प्रवासही मोजा, संध्याकाळी आठला स्टेशनबाहेर रिक्षाची लाईन कुठपर्यंत जाते ते बघून घ्या. पावसात ती दुप्पट होते.

३. "होणार आहे" याचे पैसे देऊ नका

ठाणे आणि नवी मुंबईत प्रत्येक बिल्डर तुम्हाला मेट्रो, बोगदा, एअरपोर्ट किंवा पूल विकतो. हे सगळं खोटं असतं असं नाही, होतं, पण कधी होतं ते बघा. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं भूमिपूजन २०११ ला झालं आणि पहिली गाडी प्रवासी घेऊन धावली नोव्हेंबर २०२३ मधे. ११ किलोमीटर, बारा वर्षं. पेंधर म्हणजे तळोजा, तिथे ज्यांनी मेट्रो येणार म्हणून २०१२ ला घर घेतलं त्यांची पहिलीतली पोरं बारावीत गेली तेव्हा मेट्रो आली. उरण लाईन खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ ला आली आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ ला. एअरपोर्टची पायाभरणी फेब्रुवारी २०१८, उद्घाटन ऑक्टोबर २०२५. घोडबंदरकरांना मेट्रो ४ च्या खांबांबद्दल विचारा, ते तुम्हाला शांतपणे चहा पाजतील आणि मग बोलतील.

माझा नियम एकच, आज जे तिकीट काढून वापरता येतं तेवढंच मोजायचं. पुढे काही आलं तर बोनस. आणि आलेल्या गोष्टीचा रोजचा खर्च पण मोजा. अटल सेतूने उलव्याहून शिवडी अगदी जवळ आलं हे खरं, २१.८ किलोमीटरचा पूल आहे, पण कारला एका बाजूचा टोल २५० रुपये आणि रिटर्न ३७५, महिन्याचे वीस-बावीस दिवस गुणून बघा. उलट वाशी, ऐरोली, मुलुंड, आनंदनगरच्या टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारना टोल माफ आहे, त्यामुळे गाडीने मुंबईत जाणाऱ्यांसाठी या बाजूचं गणित बदललंय.

४. पाणी, पाणी आणि परत पाणी

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण सेल्स ऑफिसमधे यावर सगळ्यात कमी बोलतात. "महापालिकेचं कनेक्शन आहे" एवढं ऐकून गप्प बसू नका. कनेक्शन असणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं.

घोडबंदरच्या एका सोसायटीत आम्ही रिसेलचा फ्लॅट बघायला गेलो होतो. ब्रोकर किल्ली आणायला गेला आणि मी सिक्युरिटी केबिनच्या बाकावर बसले, तिथे एक निळ्या कव्हरचं जाडजूड रजिस्टर पडलेलं. उघडलं तर टँकरची नोंद. तारीख, वेळ, गाडी नंबर, १०,००० लिटर, ड्रायव्हरची सही, वॉचमनची सही. मे महिन्याचं पान काढलं. पहिला टँकर पहाटे ५:१०, शेवटचा रात्री ११:४०, मधे सात. रोज. रविवारी अकरा. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, हे तर काहीच नाही, गेल्या वर्षी बघायला पाहिजे होतं." ब्रोकर किल्ली घेऊन आला तेव्हा मला फ्लॅट बघायची गरजच उरली नव्हती, तरी बघितला, छान होता.

तर हे करा. वॉचमनला विचारा की पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ येतं. मे महिन्यात टँकर किती लागतात ते रजिस्टरमधे बघा, नाहीतर सोसायटीच्या वार्षिक हिशेबात "पाणी टँकर" म्हणून वेगळी रक्कम असते ती बघा, ती शेवटी तुमच्याच मेंटेनन्समधे येते. फ्लशला बोअरवेल आहे का, खालची टाकी किती दिवस पुरते, हे विचारा. आणि समोरच्या किराणावाल्याला विचारा की २० लिटरचे जार दिवसाला किती जातात, हा माझा आवडता प्रश्न आहे, त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं.

मुळात पाणी कुठून येतं ते पण माहीत असू द्या. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूरकडे, त्यामुळे दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या नोड्सना, म्हणजे वस्त्यांना, पाण्याचं टेन्शन तुलनेने कमी. ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही, महापालिकेची स्वतःची भातसा नदीवरची योजना, स्टेम (पाणी पुरवणारी कंपनी), एमआयडीसी (औद्योगिक महामंडळ) आणि मुंबई महापालिका असं चार ठिकाणांहून पाणी घेतात, मग एकीकडे शटडाऊन झाला की शहराच्या ठराविक भागात बोंब. जुन्या ठाण्याला त्याचा त्रास कमी, घोडबंदरच्या शेवटच्या टोकाला आणि दिवा भागाला जास्त. खारघर, उलवे हा भाग नवी मुंबई महापालिकेत नाहीच (खूप जणांना हे माहीत नसतं!), खारघर पनवेल महापालिकेत येतं आणि पाणी सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) हेटवणे धरणासारख्या स्रोतांमधून देते, तिथे उन्हाळ्यात सेक्टर-सेक्टरप्रमाणे फरक पडतो. म्हणून "खारघरला पाणी कसं आहे" असं विचारूच नका, सेक्टर आणि प्लॉट नंबरने विचारा.

५. एरियांबद्दल माझं स्पष्ट मत

पटलं नाही तर सोडून द्या, पण बघितलंय भरपूर.

नौपाडा, पाचपाखाडी, चरई: चालत सगळं मिळतं, डॉक्टरांच्या पाट्या तर एका रांगेत दहा. ज्येष्ठ माणसं असतील आणि पैसे असतील तर डोळे मिटून इथे. पण खूप बिल्डिंग जुन्या, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, अर्ध्या रिडेव्हलपमेंटच्या चर्चेत, आणि चर्चा पाच-सात वर्षं चालते. जुन्यात घेणार असाल तर सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीकडे येणं) झालंय का ते आधी विचारा, नसेल तर रिडेव्हलपमेंटला फाटे फुटतात.

वर्तकनगर, पोखरण रोड, माजिवडा, बाळकुम, कोलशेत हा मधला पट्टा. स्टेशनला रिक्षा-बस लागतेच पण हॉस्पिटलं, शाळा, मॉल आहेत. मला विचाराल तर ठाण्यात नवीन टॉवरच पाहिजे असेल तर कापूरबावडीच्या अलीकडे घ्या. तो एक जंक्शन पार करायला सकाळी जो वेळ जातो त्याची किंमत दर महिन्याच्या ईएमआयसारखी मोजावी लागते.

घोडबंदरचं वर लिहिलंच. कासारवडवली ते स्टेशन साधारण दहा किलोमीटर, आणि त्याच रस्त्यावरून जेएनपीटी बंदराहून गुजरातकडे जाणारे कंटेनर. गायमुख घाटात एक ट्रक बंद पडला की मागे सगळं थांबतं. पण ज्यांचं ऑफिस तिथेच किंवा घरून काम आहे त्यांना तीच मोठी घरं, गार्डन, हवा आवडते, माझी एक मैत्रीण तिथे आठ वर्षं मजेत आहे, तिला स्टेशनला जायचंच नसतं.

कळवा, खारेगाव, पारसिकनगर: लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडत. ठाणे एक स्टेशन, ऐरोली जवळ, बाजार चांगला. फास्ट थांबत नाही हा एक तोटा. पण इथून पुढे मुंब्रा, शीळ, दिव्याकडे जाताना कागद दहा वेळा बघा. ४ एप्रिल २०१३ ला शीळजवळ लकी कंपाऊंडमधली बेकायदा बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. स्वस्त का आहे हा प्रश्न तिथे प्रत्येक वेळी विचारायचा.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे: ट्रेन जवळ, आयटी पार्क जवळ, पाणी चांगलं. कोपरखैरण्यात छोट्या छोट्या प्लॉटवर वाढवलेली घरं आहेत, गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या, रात्री दहानंतर पार्किंगवरून भांडणं ठरलेली. गाडी असेल तर पार्किंग कागदावर लिहून घ्या.

वाशी, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर: सिडकोचा मूळ प्लॅन इथे सगळ्यात नीट दिसतो, प्रत्येक सेक्टरला शाळा, मार्केट, बाग. महाग. परवडत असेल तर विचार करत बसू नका.

खारघर: रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, पांडवकड्याचे डोंगर, सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला स्वर्ग. पण खारघर म्हणजे एक जागा नाही. स्टेशनजवळचे सेक्टर आणि तिशीच्या पुढचे सेक्टर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मेट्रोमुळे आता जरा बरं झालंय. तळोजा एमआयडीसी शेजारीच असल्याने रात्री वास येतो ही तिथल्या आणि कामोठे-कळंबोलीच्या लोकांची जुनी तक्रार.

कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल: बजेट घट्ट असेल तर इथे बघा, मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनच्या चालत अंतरात. कळंबोलीत स्टील मार्केटचे ट्रेलर आहेत, रस्ता बघून घ्या.

उलवे: नवं, मोकळं, घरं मोठी. एअरपोर्ट शेजारी म्हणून उत्साह आहे, पण विमानाचा आवाज पण शेजारीच. डॉक्टर आणि शाळा वाढतायत, अजून पोटभर नाहीत. ट्रेनच्या फेऱ्या कमी, एक चुकली की बसून राहा.

६. तीन वेळा जा, आणि ब्रोकरशिवाय जा

वर्किंग डेला सकाळी, रात्री साडेअकरानंतर, आणि भर पावसात. रविवारी दुपारी बारा वाजता सगळे एरिया चांगलेच दिसतात, बिल्डर साईट व्हिजिट रविवारीच का ठेवतात ते कळलं असेल.

रात्री जाल तेव्हा गाडीची काच खाली करा, वास घ्या. रस्त्यावर दिवे आहेत का, बायका एकट्या चालतायत का, शेवटची बस आणि रिक्षा किती वाजता बंद होते, मीटरने येतात का. मी स्वतः रात्री साडेअकराला ऐरोली स्टेशनवरून चालत गेले, एकटी, मुद्दाम. सेक्टरच्या कोपऱ्यावर वडापावची गाडी आवरत होते, दोन आजोबा बाकावर बसून निवडणुकीवर वाद घालत होते. मला एवढं पुरे होतं.

पावसाचं जरा वेगळं आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडी भरून, भरतीच्या पातळीच्या खाली वसवलाय, पावसाचं पाणी आधी धारण तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. म्हणजे मोठा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की पाणी तुंबतं, आणि ते तलाव गाळाने भरले असतील तर जास्त. भरतीचं टाईमटेबल दर वर्षी पावसाळ्याआधी पेपरला येतं, साडेचार मीटरच्या वरचे दिवस त्यात दिलेले असतात. त्यातला पावसाचा एक दिवस धरा आणि त्या वेळी जा. तळमजल्याच्या दुकानदारांच्या शटरवर पाण्याची रेघ दिसते का बघा, रंग मारून सुद्धा ती रेघ खालून येते. पार्किंग बेसमेंटमधे असेल तर मागच्या जुलैत पंप किती वेळ चालवला ते विचारा.

दिवसा गेलात तर खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेचं पण बघून या. विकास आराखड्यात ती बाग आहे, शाळा आहे की रहिवासी आहे हे महापालिकेत बघायला मिळतं. डिसेंबर २०२० ला नवे एकत्रित बांधकाम नियम आल्यापासून उंची वाढलीय, आज दिसणारी खाडी उद्या शेजाऱ्याची बाथरूमची खिडकी होऊ शकते.

७. पैसे: घराची किंमत म्हणजे घराचा खर्च नाही

समजा ठाण्यात १ कोटीचं बांधकाम चालू असलेलं घर. बँक ७५ लाखांच्या आसपास देईल, कारण ७५ लाखांच्या वरच्या लोनला घराच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मर्यादा आहे आणि स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत. म्हणजे २५ लाख तुमचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ७ लाख. रजिस्ट्रेशन ३० हजार. जीएसटी ५ टक्के, ५ लाख. इथेच ३७ लाख ३० हजार झाले, अजून पार्किंग, सोसायटी डिपॉझिट, ब्रोकर, फर्निचर काहीच नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा ईएमआय साधारण ६५ हजार.

घर फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट, म्हणजे या उदाहरणात १ लाख, घरात एकदा बोलून बघा. ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही, रिसेलला पण नाही. ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो, लोक विसरतात आणि मग नोटीस येते. आणि दर कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष जागेवर) विचारा. सुपर बिल्टअपवर (जिना, लॉबी धरून फुगवलेल्या क्षेत्रफळावर) रेट सांगणाऱ्याशी मी बोलणं तिथेच थांबवते.

८. कागद

वकील लावा, पण वकिलाकडे जायच्या आधी स्वतः एवढं बघा.

नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या (प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साईटवर नंबर टाकून मंजूर मजले किती, पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे ढकलली, कोर्टात काही चालू आहे का, जमिनीवर कर्ज आहे का, सगळं दिसतं. ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डर मागू शकत नाही, आणि ताबा मिळाल्यावर बांधकामातला दोष पाच वर्षं त्याच्या गळ्यात. पण रेरा नंबर आहे म्हणजे सगळं ओके असं धरू नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवले होते आणि २०२४ ला हायकोर्टाने त्या पाडायला सांगितलं, आत माणसं राहायला आलेली असताना. म्हणून बांधकाम परवानगीची कॉपी घेऊन महापालिकेत जाऊन खरी आहे का ते विचारा. अर्धा दिवस जातो, जाऊ दे.

रिसेलला ओसी पहिला. "सोसायटीत सगळे राहतायत की, ओसीचं काय घेऊन बसलात" असं ब्रोकर म्हणाला तर नमस्कार करून निघा. मग विक्रेत्यापर्यंतचे सगळे ॲग्रीमेंट साखळीने, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा), सोसायटीचं नो ड्यूज (थकबाकी नसल्याचं पत्र), बँकेचं लोन फिटल्याचं पत्र. पनवेल महापालिका हद्दीत, म्हणजे खारघर, कामोठे, कळंबोली वगैरे, प्रॉपर्टी टॅक्सची थकबाकी नक्की बघा, २०१६ ला महापालिका झाल्यापासूनच्या टॅक्सवरून तिथे बरेच वाद झालेत आणि काही लोकांनी भरलेलाच नाही.

नवी मुंबईत सिडकोची जमीन साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते, रिसेलला सिडकोची ट्रान्सफर परवानगी आणि चार्जेस लागतात, ते कोण भरणार हे टोकनच्याच कागदावर लिहा. साडेबारा टक्के योजनेतल्या (जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना सिडकोने परत दिलेल्या) प्लॉटवरची बिल्डिंग असेल तर मूळ वारसांच्या सह्या सगळ्या आहेत ना हे वकिलाकडून बघून घ्या. आणि गावठाणातल्या त्या स्वस्त बिल्डिंगी, त्याच रस्त्यावर निम्म्या भावात, चकाचक लॉबी. मोठ्या बँका लोन देत नाहीत यातच उत्तर आलं. दिघ्यात २०१५ मधे हायकोर्टाच्या आदेशाने बेकायदा इमारतींवर हातोडा पडला तेव्हा आतल्या लोकांचे ईएमआय थांबले नव्हते.

९. जमलं तर अकरा महिने तिथेच भाड्याने राहा

सगळे म्हणतात भाडं म्हणजे पैसे वाया. आम्ही दिवाळीनंतर ऐरोलीत भाड्याने आलो, सामान हलवणं, ब्रोकरेज, डिपॉझिट, सगळं धरून डोक्याला ताप झाला हे कबूल. पण त्या अकरा महिन्यांत कुठल्या सेक्टरला डास जास्त, कुठल्या बिल्डिंगचा सेक्रेटरी भांडकुदळ, कुठल्या गल्लीत गणपतीला दहा दिवस स्पीकर, कुठे मे महिन्यात पण टँकर आला नाही, हे सगळं फुकट कळलं. मुलाच्या शाळेच्या बसचा रूट कळला. शाळेच्या ॲडमिशनचं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच सुरू होतं, तेव्हा तिथला भाडेकरार हातात असणं पण उपयोगी पडलं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे सासूबाई. भाजीवालीपासून भिशीपर्यंत सगळं नेटवर्क त्यांचं. आम्ही घेतलेला फ्लॅट कुठल्याही साईटवर नव्हता, त्यांच्याबरोबर बागेत बसणाऱ्या एका काकूंच्या भावाचा, भाड्याच्या घरापासून दोन बिल्डिंग सोडून, तिसरा मजला, टू बीएचके, ओसी आहे, जरा जुना.

टोकन सप्टेंबरमधे दिलं, पाऊस चालूच होता. सेक्रेटरींच्या घरी कागद बघून झाले, मी आणि नवरा पार्किंगचं लिहून घेत होतो, आणि सासूबाई इतका वेळ गप्प बसलेल्या, त्यांनी विचारलं, "लाईट गेली तर लिफ्ट चालते का?" चालते, जनरेटर आहे, सेक्रेटरी म्हणाले. "दाखवा." ते बिचारे छत्री घेऊन खाली गेले, मेन स्विच पाडला, अर्ध्या मिनिटात जनरेटर घरघरला, आणि सासूबाई एकट्या लिफ्टने खाली जाऊन परत तिसऱ्यावर आल्या.